गाडी नवी, मग काच धूसर का?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मृग तोंडावर आला की ब्रेक आणि टायर तपासून घ्या, असे सगळेच सांगतात. समोरच्या काचेबद्दल मात्र 'वायपर बदला' यापलीकडे कोणी बोलत नाही. गेल्या काही वर्षांत घेतलेल्या गाड्यांना हा सल्ला पुरत नाही. नव्या गाडीचा मालक पहिल्याच पावसाळ्यात आमच्याकडे, म्हणजे काचा बसवणाऱ्यांकडे, तक्रार घेऊन येतो: समोरून दिवे आले की काचेवर नुसता उजेड पसरतो, वायपर थडथडतो, सिग्नलला थांबले की काच धुरकटते. मग ब्लेडची जोडी बदलली जाते, पैसे जातात आणि तक्रार तशीच राहते, कारण पुष्कळदा दोष ब्लेडमध्ये नसतोच.

जुन्या गाडीत काच, वायपर आणि ब्लोअर ही तीन वेगळी कामे होती. आता त्याच काचेला आतून पावसाचा सेन्सर चिकटवलेला असतो, आरशामागे लेन आणि पुढची गाडी ओळखणारा कॅमेरा असतो, शेजारी फास्टॅग असतो. काच पूर्वीपेक्षा मोठी, जास्त निजलेली आणि जास्त वळणाची असते. वायपर बॉनेटच्या कडेखाली दडलेले असतात. एकाला हात लावला की दुसऱ्यावर परिणाम होतो, आणि गाडीची किल्ली हातात देताना यातले काहीही मालकाला समजावून दिले जात नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

सुरुवात नव्या गाडीच्या वासापासून करावी लागेल. डॅशबोर्डचे प्लास्टिक आणि रेक्झिन उन्हात तापले की त्यातले तेलकट घटक उडतात आणि थंड होताना काचेच्या आतल्या बाजूला बसतात. दिवसा हा थर दिसत नाही. रात्री समोरच्या गाडीचा एलईडी दिवा त्यावर पडला की प्रकाश पसरतो आणि रस्ता पांढरट दिसतो. वाफही अशा मळकट काचेवर जास्त दाट दिसते. त्यात डॅशबोर्ड चकचकीत करणारे पॉलिश मारले तर आणखी वाईट, कारण त्यातले सिलिकॉनही काचेवरच येते आणि चकाकलेल्या डॅशबोर्डचे प्रतिबिंब निजलेल्या काचेत थेट डोळ्यांसमोर उभे राहते. डॅशबोर्ड नुसत्या ओल्या फडक्याने पुसावा. फिकट रंगाचे कव्हर किंवा देवाची चमकती मूर्ती त्यावर ठेवू नये.

हा थर साबणाच्या पाण्याने नीट निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्यावे, मायक्रोफायबरचे फडके त्यात भिजवून पिळावे, काच पुसावी आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने कोरडी करावी. द्रावण काचेवर फवारू नये. ते ओघळून डॅशबोर्डच्या फटीत आणि कॅमेऱ्याच्या डब्यात जाते. आतून पुसताना हात वर-खाली चालवावा, बाहेरून पुसताना आडवा, म्हणजे राहिलेला डाग कोणत्या बाजूचा आहे ते रेघेच्या दिशेवरून कळते. नव्या गाडीला पहिल्या उन्हाळ्यात हे महिन्यातून एकदा करावे लागते, पुढे दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरते.

बाहेरच्या बाजूचा थर वेगळा असतो. डिझेलची काजळी, रस्त्यावरचे तेल, धुलाई केंद्रातले मेण आणि सोसायटीत रोज सकाळी एकाच फडक्याने सगळी गाडी पुसणाऱ्याच्या फडक्यातले पॉलिश, हे सगळे काचेवर साचते. त्याची परीक्षा सोपी आहे. काच धुऊन कोरडी करावी, बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवावी आणि काचेवरून हळू हात फिरवावा. खरखर लागली तर काच स्वच्छ नाही. मग वरून मगभर पाणी सोडावे. स्वच्छ, कोटिंग नसलेल्या काचेवर ते सलग पडद्यासारखे उतरते, थर असेल तिथे फाटते. हा थर काढायला काचेसाठीचे सिरियम ऑक्साइडचे बारीक पॉलिश ओल्या फडक्याने निम्म्या काचेला तीन-चार मिनिटे फिरवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. टूथपेस्ट किंवा भांड्यांचा काथ्या लावू नये. काथ्याच्या बारीक चरा पुढे प्रत्येक रात्री दिव्यांसमोर चमकतात आणि निघत नाहीत.

आता वायपरबद्दल. काचेवर चालणारा रबराचा ओठ अगदी पातळ असतो. आर्म, म्हणजे ब्लेड धरणारा लोखंडी हात, वर जाताना हा ओठ एका बाजूला कलतो, खाली येताना त्याने दुसऱ्या बाजूला कलायचे असते. ऊन आणि ओझोनने रबर कडक झाले की कलणे बंद होते, ओठ काचेवर आडवा अडकतो आणि उड्या मारतो. थडथड ती हीच. आपल्याकडे ऑक्टोबरपासून मेपर्यंत वायपर कोरडा पडून राहतो आणि रबर एकाच बाजूला कललेले राहून तसेच बसते. म्हणून वर्षाकाठी मेच्या शेवटच्या आठवड्यात ब्लेड बदलणे योग्य. पण बदलण्याआधी पाणी सोडून दोन-चार फेऱ्या बारकाईने पाहाव्यात. एकाच बाजूला जाताना आवाज येत असेल तर आर्म पिळला गेला आहे आणि रबर काचेशी काटकोनात उभे नाही. तिथे नवे ब्लेड काही करत नाही, आर्मच पिळून सरळ करावा लागतो आणि तो जाणकाराकडूनच करून घ्यावा. दोन्ही बाजूंना आवाज येत असेल तर आधी काच पाहावी, मग रबर. एकच बारीक रेघ राहत असेल तर रबराला खाच आहे किंवा त्यात खडा अडकला आहे. ब्लेडच्या टोकाशी पट्टा कोरडाच राहत असेल तर ब्लेडचे वळण त्या काचेचे नाही. फेरी झाल्यावर धुरकट पडदा दिसून एक-दोन सेकंदांत विरत असेल तर तो काचेवरच्या थराचा आहे.

वळणाचा मुद्दा नव्या गाड्यांत फार मोठा आहे. त्यांची ब्लेड फ्रेम नसलेली असतात. आतली पोलादी पट्टी ठरावीक वळणाची असते आणि तीच सगळ्या लांबीवर दाब वाटते. 'सगळ्या गाड्यांना चालते' म्हणून विकलेले ब्लेड जास्त वळणाच्या काचेवर टोकाशी टेकत नाही. लांबीही दोन्हीकडची वेगळी असते, ड्रायव्हरच्या बाजूला २४ किंवा २६ इंच आणि डावीकडे १४ किंवा १६ इंच, अशी जोडी आता नेहमीची आहे. दुकानदार हातात देईल ती घेऊ नये, गाडीच्या पुस्तिकेतला आकडा दाखवून मागावी. एक इंच मोठे ब्लेड काचेच्या उजव्या कडेच्या खांबाच्या पट्टीवर आपटते किंवा दुसऱ्या ब्लेडला घासते. बसवताना 'टक' असा आवाज ऐकू आलाच पाहिजे. तो आला नाही तर ब्लेड घाटातल्या वाऱ्यात निसटते आणि उघडा लोखंडी आर्म एका फेरीत काचेवर कमानीसारखा चरा उमटवतो. तो चरा पॉलिशने जात नाही, काचच बदलावी लागते.

बॉनेटखाली दडलेले वायपर तसेच ओढून उभे केले की बॉनेटच्या कडेचा रंग उडतो. अशा बहुतेक गाड्यांत सर्व्हिस पोझिशन असते: इग्निशन बंद करून काही सेकंदांच्या आत स्टिअरिंगजवळचा वायपरचा दांडा दाबला किंवा वर धरला की आर्म काचेच्या मध्यावर येऊन थांबतात. नेमकी रीत प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. गाडी पुसणाऱ्यालाही ती दाखवून ठेवावी. ब्लेड काढून ठेवले असेल तर आर्मखाली जाड टॉवेल ठेवायला विसरू नये. स्प्रिंगने आर्म उघडाच काचेवर आपटला तर नवी कोरी काच तडकते.

वॉशरच्या टाकीत बोअरवेलचे पाणी भरू नये. त्यातला चुना नोझलच्या छिद्रात बसतो आणि काचेवर पांढरे ठिपके धरतात. आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणी आणि बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात वॉशरचे द्रावण, एवढेच घालावे. शाम्पू किंवा भांड्यांचा साबण फेस करतो आणि सुकला की तोच थर होतो. रेडिएटरचे कूलंट तर चुकूनही घालू नये. पुढच्या ट्रकने चिखल उडवला की आधी पाणी मारून मग वायपर फिरवावा. कोरड्या चिखलावर वायपर फिरवणे म्हणजे काचेवर पॉलिशपेपर घासणे.

धुरकटण्याची तक्रार सगळ्यांत जास्त येते आणि तिच्यावरचा उपाय सगळ्यांत जास्त चुकतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर. काच आतून धुरकटते की बाहेरून, हे आधी बघावे. आतून बोट फिरवले आणि रेघ उमटली तर वाफ आतली. रेघ उमटली नाही आणि वायपर मारल्यावर साफ झाले तर बाहेरची. या दोहोंचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

आतली वाफ म्हणजे माणसांच्या श्वासातले, ओल्या मॅटमधले, भिजलेल्या छत्रीतले पाणी. एसी चालू, हवा काचेकडे, पंखा वरच्या टप्प्यावर, तापमान थोडे वर आणि हवा बाहेरून घेण्याचे बटण, असे ठेवावे. बाहेर पाऊस असताना बाहेरची हवा कशाला, असे अनेकांना वाटते. पण एसी चालू असताना ती हवा गार कॉइलवरून जाते, तिच्यातले पाणी तिथेच गळते आणि काचेवर कोरडी हवा येते. आतलीच हवा फिरवत राहिले तर चार माणसांच्या श्वासाची ओल गाडीतच साठत जाते. आणि इंधन वाचवायला एसी मध्येच बंद केला की ओल्या कॉइलवरचे पाणी पंखा काचेवर आणून टाकतो. बंद केल्यावर मिनिटभरात काच एकदम पांढरी होते ती यामुळे. नव्या गाड्यांत हेच सिग्नलला आपोआप घडते, कारण इंजिन स्वतःहून बंद होते आणि त्याबरोबर एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो. पावसात गाडी सुरू करतानाच इंजिन आपोआप बंद होण्याची सोय बटण दाबून रद्द करावी. हाताने किंवा शर्टाच्या बाहीने काच पुसू नये. हाताचे तेल लागलेला पट्टा पुढच्या वेळी आधी धुरकटतो.

बाहेरची वाफ कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत येते. एसीने काच इतकी गार होते की बाहेरच्या हवेतले पाणी तिच्यावर धरते. इथे एसी आणखी गार करून काचेवर सोडला की वाफ वाढते. तापमान २५-२६ करावे, हवा पायांकडे वळवावी आणि वायपर एकदा फिरवावा. पावसाने गारठलेली काच घेऊन घाटाच्या बोगद्यात शिरले आणि आत हवा उबदार-दमट असली तर काच क्षणात आंधळी होऊ शकते. ६० किमी वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. वायपरचा दांडा त्या क्षणी बोटांखाली हवा, टचस्क्रीनवर शोधायला लागता कामा नये.

एवढे करूनही काच साफ होत नसेल तर एसीचा केबिन फिल्टर काढून पाहावा. बहुतेक गाड्यांत तो डावीकडच्या खणामागे असतो आणि हाताने निघतो. धुळीने गच्च भरला की काचेपर्यंत हवाच पोहोचत नाही. बॉनेट आणि काच यांच्यामधल्या जाळीतला पाला, विशेषतः गुलमोहराची बारीक पाने आणि फुले, पावसाआधी उचलून काढावीत. ती पाण्याच्या वाटा बुजवतात, पाणी ब्लोअरमध्ये उतरते, मॅट ओले राहते आणि वाफेचे चक्र थांबत नाही.

पावसाच्या सेन्सरबद्दल थोडे. तो काचेतून तिरपा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. काच कोरडी असेल तर तो आतल्या आत परावर्तित होऊन परत येतो, थेंब असेल तर काही प्रकाश बाहेर निसटतो, आणि त्या घटीवरून वायपरचा वेग ठरतो. म्हणजे त्याला फक्त आरशामागचा छोटा चौकोन 'दिसतो'. तिथे मळ, स्टिकर किंवा सेन्सर आणि काच यांच्यामधल्या जेलच्या पट्टीत हवेचा बुडबुडा असला की वायपर कोरड्या काचेवर नाचतो किंवा पावसात गप्प बसतो. काच बदलल्यावर असे झाले तर ती जेलची पट्टी नवी घातली का, हे आधी विचारावे. गाडी धुवायला देताना ऑटो वायपर बंद करून द्यावा, नाहीतर धुणाऱ्याच्या हातावर तो फिरतो. फास्टॅग लावतानाही हा चौकोन आणि कॅमेऱ्याची जागा सोडावी. उष्णता परतवणारी धातूच्या थराची काच असेल तर टॅग वाचलाच जात नाही. अशा काचेत आरशाजवळ थर नसलेला पट्टा मुद्दाम ठेवलेला असतो, टॅग तिथेच लावावा.

दगड उडून खड्डा पडला की त्याच दिवशी पारदर्शक टेप लावावा, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही आणि रेझिन भरून दुरुस्ती करता येते. खड्डा रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान असेल आणि ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोर नसेल तर दुरुस्ती टिकते. उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत किंवा गार पाणी पडले की तडा धावतो.

काच बदलायची वेळ आली तर स्वस्त काचेच्या मोहात पडू नये. समोरची काच लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घातलेली असते. कोपऱ्यात आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा क्रमांक पाहावा. केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, बाजूच्या काचांतून ५० टक्के. वेग वगैरेचे आकडे समोरच्या काचेवर दाखवणारी गाडी असेल तर तिच्या काचेतला प्लास्टिकचा थर किंचित पाचरीसारखा असतो. तिथे साधी काच बसवली की प्रत्येक आकडा दुहेरी दिसतो. चिकटवायचे युरेथेन हवेतल्या ओलाव्याने मुरते, त्याला त्याचा वेळ द्यावा लागतो आणि तो वेळ डब्यावर लिहिलेला असतो. पहिल्या दिवशी एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी, दारे आपटू नयेत. अनेक गाड्यांत डावीकडची एअरबॅग फुगताना याच काचेचा आधार घेते, म्हणून घाईत बसवलेली काच ही केवळ पाणी गळण्याची बाब नाही.

कॅमेरा असलेल्या गाडीत काच बदलल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा नेमकी जुळवणे, करावेच लागते. समोर ठरावीक अंतरावर फलक लावून किंवा रस्त्यावर गाडी चालवून, किंवा दोन्ही. कॅमेरा एका अंशाने जरी वळला तरी १०० मीटरवर त्याची नजर पावणेदोन मीटर सरकते. महामार्गाची लेन साडेतीन मीटरची, म्हणजे अर्धी लेन झाली. कॅलिब्रेशनचा छापील अहवाल मागून घ्यावा.

विम्यात काचेवर घसारा कापला जात नाही हे अनेकांना ठाऊक नसते. मात्र सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यातला मालकाने स्वतः भरायचा भाग, १५०० सीसीपर्यंतच्या इंजिनाला १००० रुपये आणि त्याहून मोठ्याला २००० रुपये असते, आणि बोनसचे संरक्षण घेतलेले नसेल तर दाव्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. ५० टक्के बोनस चढलेला असेल तर आधी हिशेब करावा.

बाजूच्या खांबांचाही उल्लेख हवा. छत चेपू नये आणि खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग मावावी म्हणून नव्या गाड्यांचे खांब जाड झाले आहेत. डोळ्यांपासून ७० सेंटीमीटरवर १० सेंटीमीटर रुंदीचा खांब असेल, तर दोन्ही डोळ्यांचा हिशेब धरूनही २० मीटरवर सुमारे एक मीटर जागा पूर्ण झाकली जाते. त्यात एक दुचाकी स्वारासकट मावते. उजव्या वळणावर आणि चौकात डोके पुढे-मागे करून खांबाभोवती पाहणे हाच उपाय आहे. सीटची उंची बॉनेट दिसेल एवढी ठेवावी.

उत्पादकांकडे मागण्या मोजक्याच आहेत. समोरची काच साफ करायचे बटण आणि वायपरचा दांडा हाताला लागेल असाच ठेवावा, टचस्क्रीनच्या आत नेऊ नये. हॅचबॅक आणि एसयूव्हीच्या मागच्या काचेवर चाकांनी उडवलेला चिखल हवेच्या भोवऱ्याने ओढला जातो, म्हणून मागचा वायपर आणि डिफॉगर (काचेवरची वाफ घालवणारी सोय) सर्वांत स्वस्त प्रकारातही द्यावा. तो सनरूफसारखा हौसेचा भाग नाही. विक्रेत्यांनी गाडी देताना दहा मिनिटे काढून सर्व्हिस पोझिशन, धुके काढायचे बटण, सेन्सरचा चौकोन आणि केबिन फिल्टर हे चार प्रत्यक्ष हात लावून दाखवावे. आणि मोटार ड्रायव्हिंग स्कूलने पावसातल्या दोन धड्यांत आतली वाफ आणि बाहेरची वाफ कशी ओळखायची ते शिकवावे. दोन धडे पुरतात.

आपला,
वाहनांच्या काचा बसवण्याच्या व्यवसायातील एक वाचक,
पिंपरी